बंगलेवाल्यांनो, विहीर जरा हळू उपसा

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत किनाऱ्यालगत बंगले, फार्महाऊस आणि होमस्टे असलेल्या सर्व मालकांस,

स. न. वि. वि.

तुमची आमची ओळख बहुतेक वेळा फाटकापुरतीच. शुक्रवारी रात्री गाडी आत जाते, रविवारी उन्हं उतरली की बाहेर पडते. मधल्या वेळात जिताडा मासा कुठे मिळेल, नारळ पाडायला कोणी येईल का, एवढंच काय ते बोलणं. पाण्याचा विषय निघत नाही. शेजाऱ्याला त्याच्या पंपाबद्दल विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणं, असं आमच्याकडे समजतात. त्यामुळे लोक तोंडावर गप्प बसतात आणि पाठीमागे बोलतात. मला ते पाठीमागचं बोलणं ऐकून कंटाळा आला, म्हणून हे पत्र.

तुम्ही इथं येऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि अष्टागरातल्या, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीतल्या, माड-सुपारीच्या कितीतरी वाड्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. पोफळ, म्हणजे सुपारी, नव्याने लावली तर हाताशी उत्पन्न यायला पाच-सात वर्षं जातात. तेवढा दम सगळ्यांकडे नव्हता, काहींनी वाड्या विकल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट सुरू झाली होती, पुढे जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला. मुंबई जवळ आली. विकणाऱ्याने राजीखुशीने विकलं, घेणाऱ्याने रोख मोजून घेतलं. त्यात कोणाचं काही चुकलं नाही. फक्त सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून खालचं पाणी आपलं झालं, असं होत नाही. ते कुंपणाशी थांबत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पाऊस कमी नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, जुलैत तर विहिरीत वाकून हाताने पाणी घ्यावं इतकं ते वर येतं. तरीही एप्रिलच्या मध्यावर टँकर फिरू लागतात आणि उमटे धरणातल्या गाळाच्या बातम्या पुन्हा छापून येतात. धरण आणि नळयोजना हा पंचायतीशी आणि सरकारशी भांडायचा विषय आहे, तो आम्ही भांडतोच. पण किनाऱ्याच्या पट्टीत एक वेगळंच दुखणं आहे. इथली विहीर आटायच्या आधी खारी होते. आटलेली विहीर पहिल्या पावसात भरते. खारी झालेली विहीर भरते, पण गोडी व्हायला वर्षं घेते, आणि कधी कधी होतच नाही.

पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या, आणि त्यामागच्या वाड्यांच्या जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, वरणावर तूप असावं तसं. खारं पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड, पण त्या अडीच टक्क्यांवरच आपल्या सगळ्या वाड्या उभ्या आहेत. सव्वाशे वर्षांमागे एका डच आणि एका जर्मन अभियंत्याने, एकमेकांना न विचारता, याचा हिशेब मांडला होता. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी सापडतं. ऐकायला छान वाटतं. हाच हिशेब उलटा लावा. उपसून उपसून वरची पातळी एक फूट खाली नेली, की खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकायला मोकळं. प्रत्यक्षात मध्ये कातळ असतो, मातीचे थर असतात, त्यामुळे आकडा तंतोतंत उतरत नाही आणि सरकायलाही वेळ लागतो. दिशा मात्र तीच. तूप वरून चमच्याने हळू काढलं तर तूपच येतं, पळी खाली घातली की वरण येतं.

आमच्या आज्या-पणज्यांना डच अभियंता माहीत नव्हता, पण त्यांची सगळी व्यवस्था चमच्याची होती. रहाटाला मातीचे पोहरे बांधलेले, रहाट फिरवायला बैल नाहीतर रेडा. पोहरा विहिरीच्या वरच्या थरातलं पाणी घ्यायचा, डोणीत ओतायचा, तिथून ते पाटाने वाडीत जायचं. जनावर दमलं की सोडायचं, तेवढ्यात विहीर पुन्हा वर यायची. आज तुमच्याकडे दीडशे-दोनशे फुटांची बोअर आहे. सबमर्सिबल तळाशी बसवलेली, शनिवारी पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी दुपारपासून सलग चार-पाच तास चालते. पंप जिथे बसतो तिथे खालचं खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. तुमच्या बोअरला ते लगेच कळत नाही, कारण हिरवळ बोलत नाही. शेजारच्या तीस फुटी विहिरीला कळतं. तिथे तूरडाळ दोन शिट्ट्या जास्त घेते, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की मध्येच फाटतं. वाडीत आधी पोफळीच्या पानांची टोकं करपतात. माड बिचारा खूप सोसतो, त्याच्याकडे बघून पाण्याचा अंदाज बांधू नये.

हे आमचं अंगण सोडून कुठे घडलं नाही असं नाही. वसईकडे बघा. तीही अशीच वाड्यांची पट्टी, बावखलांची. दोन वाड्यांमध्ये खणलेली ती तळी पावसाचं पाणी जिरवायची आणि उन्हाळ्यात शिंपायला उपयोगी पडायची. शहर वाढलं तशा विहिरी टँकरने उपसल्या गेल्या, कित्येक बावखलं भरून टाकली. हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं त्यामागे इमारतींइतकाच हा पाण्याचा उपसाही होता. आपल्याकडे अजून तेवढं बिघडलेलं नाही, म्हणून आत्ता लिहिण्यात काही अर्थ आहे.

तर माझी पहिली आणि मुख्य विनंती पंपाबद्दल आहे. जुनी उघडी विहीर तुमच्या जागेत असेल तर ती बुजवू नका, तिच्यावर काँक्रीटचा ओटा बांधून बाकडं ठेवू नका. बोअर सोडून तिच्यातूनच पाणी घ्या. पंप लहान बसवा, एक अश्वशक्तीचा पुष्कळ झाला. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप, तळाला टेकवू नका, पाणी जसं उतरेल तसा खाली घ्या. सलग पाच तास चालवण्यापेक्षा सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर चालवा, आणि आठवडाभर थोडं थोडं घेऊन टाकीत साठवा. शुक्रवारची घाई आपोआप जाईल. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मोजायचं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. केअरटेकरला सांगून महिन्यातून एकदा आकडा विहिरीच्या कठड्यावर खडूने लिहून ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी मानक 500 आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. जानेवारीचा आकडा आणि एप्रिलचा आकडा शेजारी शेजारी दिसला की बाकी कोणी काही सांगावं लागणार नाही.

दुसरं, हिरवळ. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

उन्हाळ्यात आपल्या हवेत चौरस मीटरभर हिरवळ दिवसाला साधारण पाच लिटर पाणी हवेत सोडते. गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर धरा. पाच गुंठे लॉन असेल तर रोज अडीच हजार लिटर, आणि हे नुसतं उडून जाणारं. वाळूतून खाली निघून जातं ते वेगळं. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर ठरवले आहेत, म्हणजे तुमची हिरवळ पंचेचाळीस माणसांचं पाणी पिते. आठवड्यातले पाच दिवस तिच्याकडे बघायला माळ्याशिवाय कोणी नसतं! एका बंगल्यात तर टायमरचे फवारे जूनच्या मुसळधार पावसात, ठरल्या वेळी, इमानेइतबारे सुरू झालेले मी कुंपणावरून पाहिलेत. माळी छत्री घेऊन बाजूला उभा. बंद करायचं ॲप मालकांच्या फोनवर, मालक परदेशात.

गवत हवंच असेल तर आपली हरळी आहे. ती मार्चमध्ये पिवळी पडते, मेमध्ये मेली असं वाटतं आणि दोन पावसांत परत हिरवी होते. तिला तसं पिवळं पडू द्या. किनाऱ्याच्या अगदी जवळ, निव्वळ वाळूत, मर्यादवेल सोडा. तिला शिंपावं लागत नाही, वाळू धरून ठेवते, जांभळी फुलं येतात. कडेला उंडी, करंज, भेंड ही झाडं खारा वारा अंगावर घेतात, त्यांच्या आडोशाला सोनचाफा, बकुळ, अनंत, जास्वंद, कुंद लावा. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं, पुढे ती तुमच्याकडे काही मागत नाहीत. ज्या बाग-सल्लागाराने तुम्हाला शोभेचे खजूर आणि मेक्सिकन गवत विकलं, त्याला हे सगळं माहीत असतं. त्यात त्याला पैसे मिळत नाहीत एवढंच.

माड-पोफळी ठेवल्या असतील तर त्यांना पाणी द्यायची रीत शिकून घ्या, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते. बुंध्याशी पाइप टाकून मोटार लावायची आणि मोबाईल बघत बसायचं, ही रीत नव्हे. माडाची पाणी घेणारी मुळं बुंध्यापासून सहा फुटांच्या आत पसरलेली असतात, म्हणून आळं तेवढं रुंद आणि उथळ हवं, पाणी कडेकडेने फिरायला हवं. ठिबक लावलं तर मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला तीसेक लिटर पुरतात. पाटाने सोडलं तर त्याच्या कितीतरी पट जातं, आणि आमच्यातलेही पुष्कळ वाडीवाले अजून तसंच सोडतात. वीज आली, रहाट गेला, आणि हात सैल झाला. ते आम्हालाही सांगायला हवं, ते मी सांगतेच.

ठिबकपेक्षाही स्वस्त एक गोष्ट आहे, ती तुमचे लोक रोज जाळतात. सकाळी सातला बंगल्याबंगल्यातून धूर निघतो तो पातेऱ्याचा, वाळक्या पानांचा. पातेरा म्हणजे कचरा नव्हे हो. झावळ्या तोडून, पोफळीच्या विऱ्या, आंब्याची पानं, सगळं आळ्यात चांगलं वीतभर पसरा. खालची माती एप्रिलच्या दुपारी हात लावून बघा, थंड आणि ओली लागेल, आणि चार हातांवरची उघडी वाळू चटका देईल. नारळ सोलल्यावर राहणारी सोडणं तर फेकूच नका. माडाच्या भोवती चर खणून त्यात सोडणं थरांनी पुरायची, खोलगट बाजू वर ठेवून, म्हणजे पाणी त्यात साचतं. सगळ्यात वरच्या थराची तेवढी पाठ वर करायची. ती कुजायला काही वर्षं जातात, तोवर प्रत्येक शिंपण्यातलं पाणी धरून ठेवतात. एवढं केलं की रोजचं शिंपणं एक दिवसाआड करता येतं. साप येतात म्हणून पातेरा नको, असं काही जण म्हणतात. घराच्या भिंतीपासून दहा फूट मोकळे ठेवा आणि पुढे पसरा.

घरातल्या पाण्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत असतं. एवढंच की मुंबईत मीटर असतो आणि इथे विहीर फुकट वाटते, म्हणून हात मोकळा सुटतो. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. बंद बंगल्याच्या गच्चीवरून रात्रभर पाणी पडत असल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकत पडायचं आणि फाटकाला कुलूप, हा प्रकार नको. जुने दहा-बारा लिटरचे फ्लश बदलून तीन-सहा लिटरचे लावा. होमस्टेवाल्यांनी चादरी पाहुणा राहील तोवर रोज धुवायची गरज नाही, तसा कागद खोलीत ठेवला की बहुतेक जण ऐकतात. समुद्रावरून आलेल्या मंडळींना पायाची वाळू धुवायला बाहेर एक नळ द्या आणि त्याचं पाणी माडाच्या आळ्यात सोडा. थोडा खारटपणा माडाला चालतो. न्हाणीचं पाणी पूर्वी सगळ्यांकडे मागच्या अळवात आणि केळीत जायचं, ते आता सेप्टिक टँकमध्ये घालून टाकायची फॅशन झाली आहे. संडासाची आणि मोरीची लाइन वेगळी ठेवा म्हणून बांधतानाच प्लंबरला सांगितलं तर खर्च काही वाढत नाही. फक्त त्या पाण्यावर कच्ची खायची भाजी लावू नका, केळ आणि कर्दळ उत्तम.

आरओचं एक चक्र मात्र सांगितलंच पाहिजे. विहीर थोडी खारटली की पाण्यातले क्षार काढणारं आरओ यंत्र लागतं. ते लिटरभर गोडं पाणी द्यायला दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. म्हणजे विहीर खारी झाली म्हणून उपसा वाढला, आणि उपसा वाढला म्हणून ती आणखी खारी! बाहेर टाकलेलं ते पाणी विहिरीजवळ मुरवू नका, बागेलाही घालू नका, लादी पुसायला आणि फ्लशला वापरा. पोहायच्या तलावाबद्दल एवढंच की आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल म्हणजे चाळीस हजार लिटर. एकदा भरला की वर्षभर गाळून वापरा, रात्री झाकून ठेवा. दर महिन्याला रिकामा करून भरणारे आहेत, त्यांना मी काय बोलू?

आता पावसाचं पाणी. यावर भाषणं पुष्कळ होतात आणि सगळी अर्धवट. दीड हजार चौरस फुटांच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या पुढे पाणी, हे खरं. पण ते सगळं विहिरीत सोडलं की उन्हाळा सुटला, हे आपल्या पट्टीत खरं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये विहीर आधीच काठोकाठ असते. वरून ओतलेलं पाणी बाजूने निघून समुद्राला मिळतं. घाटावरचा पुनर्भरणाचा नमुना इथे जसाच्या तसा आणून फोटो काढण्यात अर्थ नाही. उपयोग होतो तो दोन ठिकाणी. एक, गणपतीनंतरचा आणि परतीचा पाऊस, तेव्हा विहीर उतरायला लागलेली असते, ते पाणी जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून जरूर विहिरीत सोडा. दोन, पावसाळ्याच्या चार महिन्यांत पंपाला हातच न लावता छपराच्या पाण्यावर फ्लश, धुणं, गाड्या सगळं भागवा. पहिले एक-दोन पाऊस छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन नेतात, ते वाहू द्या. दहा हजार लिटरची टाकी बांधली म्हणून पाच गुंठे लॉन वाचेल असं मात्र समजू नका, ती चार दिवसांत संपते. साठवणीची बेरीज कितीही केली तरी जानेवारी ते मे आपण किती आणि किती वेगाने ओढतो, त्यावरच सगळं ठरतं.

लॉन काढायचं म्हणजे पैसे मातीत गेले असं वाटतं, ते मला कळतं. एकदम नका काढू. या वर्षी निम्मं सोडून द्या, जे बंगल्याच्या मागे आहे आणि कोणी बघत नाही ते. तिथे पातेरा टाका आणि जूनमध्ये रोपं लावा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत माड-पोफळीची खात्रीची रोपं मिळतात, फक्त मागणी आधी नोंदवावी लागते.

कायद्याचंही एक वाक्य, धमकी म्हणून नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत दुसऱ्या कामासाठी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही, हे 1993 च्या भूजल कायद्यापासून चालत आलं आहे. तुमच्या बोअरवाल्याने ते तुम्हाला सांगितलं नसेल. गाडी उभी करून रात्रीत बोअर मारून जाणारे पुढच्या गावाला निघून जातात, राहायचं तुम्हाला-आम्हाला आहे.

ग्रामसभेत मत द्यायचा अधिकार तुम्हाला नसला, तरी येऊन बसायला आणि बोलायला आमच्या गावात कोणी अडवणार नाही. 1 मे ला सभा असते, बहुतेक बंगले तेव्हा उघडेच असतात. विहिरींचे आकडे घेऊन या. ज्यांना रविवारी सकाळी वेळ असेल त्यांना आळं कसं करायचं आणि सोडणं कशी पुरायची, ते आमच्या वाडीत दाखवीन, चहा गोड्या पाण्याचाच मिळेल. छपराच्या पन्हळी मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात लावून घ्या, नंतर पत्रेवाले हाताला लागत नाहीत.

आपली,
अष्टागरातली एक वाडीवाली